दसऱ्याचा कॅमेरा

"हात काढ! आधी हात काढ त्याच्यावरनं!"

काका असे काही ओरडले की शेल्फावर मांडलेल्या शंभरेक जुन्या कॅमेऱ्यांनी घाबरून डोळे मिटले असतील. काउंटरपलीकडचा म्हातारा गोरा मात्र ढिम्म. कमरेला अर्धी चड्डी, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, एका डोळ्यावर घड्याळजी लावतात तसलं भिंग. त्यानं काकांच्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढली होती आणि तिच्यातून बारक्या टॉर्चचा उजेड पाडून तो आत बघत होता.

"फंगस," तो म्हणाला. "हीप्स ऑफ इट, मेट."

"बुरशी म्हणतोय," मी काकांना म्हटलं.

"कळतं मला! तीस वर्षं झाली या देशात, मला फंगस कळत नाही? फंगस तुझ्या डोक्यात झालीय म्हणावं! सांग त्याला!"

काकांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण रागाला इंग्रजी पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर नोकरी त्यांनी इंग्रजीत केली, भांडणं मराठीत. त्यामुळे ऑकलंडमधल्या कितीतरी सज्जन गोऱ्यांनी काकांच्या खणखणीत पुणेरी शिव्या 'हॅव अ गुड डे' समजून पदरात घेतल्या आहेत. मी गोऱ्याला एवढंच म्हटलं की काका जरा अपसेट आहेत.

"येह, नाह, ते आलं लक्षात," तो म्हणाला आणि त्यानं लेन्स माझ्यासमोर धरली. काचेच्या आत पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलं होतं. फ्रीजमध्ये मागे राहून गेलेल्या श्रीखंडावर धरतं ना, अगदी तसं. "आणि ही काही काल-परवाची नाही. जुनी आहे. फार जुनी. शिवाय हा आधी कुणीतरी उघडलाय. स्क्रूंवरचे ओरखडे बघा."

"मी?" काका आता इंग्रजीत उतरले, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. "मी उघडला म्हणता? अहो, कालपर्यंत मी याची टोपीसुद्धा काढली नव्हती! नेव्हर! नॉट वन्स!"

गोऱ्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं आणि पहिल्यांदाच काकांकडे नीट पाहिलं.

"नेव्हर?"

"नेव्हर!" काका म्हणाले. छाती पुढे काढून म्हणाले.

आता हे काका म्हणजे माझे कुणी सख्खे काका नव्हेत. ते माझे घरमालक. पापाटोएटोत रेल्वेलाइनीला लागून त्यांचं लाकडी घर होतं; वर ते आणि काकू, खाली मी. मुलगा वेलिंग्टनला. काका वर ओरडले की खाली माझ्या कपातला चहा हलायचा. गाडीचा ड्रायव्हर तर आपल्यालाच हाका मारतायत असं समजून गाडी थांबवायचा. समोर स्टेशन होतं, गाडी तशीही थांबलीच असती, पण श्रेय काकांना द्यायला माझी हरकत नाही.

ते ओरडायचे कुणावर, असं विचारू नका. कुणावर नाही ते विचारा. वाऱ्यावर, वाळत घातलेल्या लेंग्याचा पतंग करतो म्हणून. सुपरमार्केटातल्या कोथिंबिरीवर, मुळासकट कुंडीत घालून विकतात म्हणून. सूर्यावर, कारण इथे तो दुपारी उत्तरेला असतो. "पूर्वेला उगवायचं तेवढं ठेवलंय यांनी, उपकार!" कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराण्याच्या दुकानात, एका पोरीनं सुटे पैसे परत देताना "स्वीट ॲज", म्हणजे 'झकास', असं म्हटलं, तर हे काउंटर धरून उभे. "ॲज व्हॉट? स्वीट ॲज व्हॉट? वाक्य पुरं करा!" मागे रांग पार रस्त्यापर्यंत गेली. शेवटी ती बिचारी म्हणाली, "शुगर?" तेव्हा काका हलले.

पण त्यांचा खरा राग वस्तू वापरणाऱ्यांवर. "वस्तू वापरली की गेली," हे त्यांचं सबंध तत्त्वज्ञान. घरातला सोफा दुकानातून ज्या प्लॅस्टिकमध्ये आला त्याच प्लॅस्टिकमध्ये होता. कुणी बसलं की तो चुरचुरायचा, आणि उन्हाळ्यात अर्ध्या चड्डीवर बसलेल्या पाहुण्याला उठताना मांडीची थोडी साल तिथेच ठेवून उठावं लागायचं. रिमोट प्लॅस्टिकमध्ये, गाडीच्या सीटा प्लॅस्टिकमध्ये. मूळ गालिच्यावर दुसरा गालिचा, त्याच्यावर चटई, चटईवर वर्तमानपत्र. सगळ्यात खालचा गालिचा कुठल्या रंगाचा, हे काकूंनाही आठवत नव्हतं. चांगला डिनर सेट कपाटात, चांगल्या दिवसासाठी. तो चांगला दिवस बहुधा अजून भारतातून निघायचा होता.

आणि ते घर ओलं! ऑकलंडची हवा म्हणजे कुणीतरी तुमच्यावर बारा महिने ओला टॉवेल टाकून ठेवलाय असं समजा. हिवाळ्यात माझ्या चपलांना मिशा फुटल्या. पडद्यांना काळे ठिपके आले. मुलानं वेलिंग्टनहून हवा कोरडी करायचं यंत्र पाठवलं. डीह्युमिडिफायर. काकांनी काय करावं? दमट हवेनं खराब होईल म्हणून ते खोक्यातच ठेवलं, खोकं प्लॅस्टिकात गुंडाळलं आणि प्लॅस्टिक गॅरेजात नेऊन ठेवलं. मी चपला घेऊन वर गेलो, तर माझ्यावरच उखडले. "तू खिडक्या उघडतोस! बाहेरची ओल आत घेतोस आणि वर तोंड करून सांगतोस!"

"अहो, त्याला खायला तरी विचारा, मग ओरडा," काकू आतून म्हणाल्या. काकूंचा आवाज कधी चढायचा नाही. त्यांना गरजच नव्हती.

काकांचं हे सगळं कुठून आलं, ते मला काकूंनीच सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता. ते आलं काकांच्या थोरल्या भावाकडून. दादा. लहानपणी दादांची सायकल काकांच्या हातून पडली. दादांचं शाईचं पेन काकांनी हरवलं. दादांची छत्री काका बसमध्ये विसरले. झालं! दादांनी एक वाक्य तयार केलं आणि जन्मभर वापरलं: "याच्या हातात वस्तू टिकत नाही." मुंजीत म्हणाले, काका इंजिनियर झाले तेव्हा पेढा तोंडात ठेवून म्हणाले. लग्नात तर नव्या नवरीलाच म्हणाले, "सांभाळा हं, याच्या हातात वस्तू टिकत नाही."

"मी वस्तू नव्हते म्हणून टिकले," काकू म्हणाल्या आणि देठं बाजूला केली.

या दादांकडे एक कॅमेरा होता. चामड्याच्या कव्हरातला, विटेसारखा जड. घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं दादांनी टिपलं. काकांचं काम कॅमेऱ्याची बॅग धरायचं. कॅमेऱ्याला हात लावायची मुभा नव्हती. आणि काका या देशात यायला निघाले त्या दिवशी, मुंबईच्या विमानतळावर, सगळ्या गोतावळ्यासमोर दादांनी तो कॅमेरा स्वतःच्या गळ्यातून काढला आणि काकांच्या गळ्यात घातला. म्हणाले, "जप."

ही गोष्ट काकांनी मला दोनशे वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी विमानतळावरची गर्दी वाढायची. शेवटच्या आवृत्तीत वैमानिक खाली उतरून बघत होते. पण "जप" या शब्दापाशी आले की काकांचा आवाज खाली यायचा. तेवढा एकच शब्द मी त्यांच्या तोंडून हळू ऐकला आहे.

तर काकांनी जपला. कसा जपला? वापरला नाही. मुलगा लहानाचा मोठा झाला, त्याचा एक फोटो त्या कॅमेऱ्यात नाही. कव्हर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली काकांच्या जानव्याला. वर्षातून एकदाच तो बाहेर यायचा, खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात, तशी काका यंत्रं पुजायचे. पाटावर शिवणयंत्र, गवत कापायचं मशीन, पाकिटातून न काढलेला पान्यांचा संच, आणि मधोमध हा. बाकीच्यांना एकेक बोट कुंकू, कॅमेऱ्याला मात्र सोळाही उपचार. हळद, कुंकू, ओल्या अक्षता, झेंडूची फुलं, फूल पाण्यात बुडवून तीनदा प्रोक्षण, पुढ्यात साखरेची वाटी. आपटा मिळत नाही म्हणून पोहुतुकावा या इथल्या झाडाची पानं. रात्रभर तो तसाच ओल्या फुलांखाली बसायचा. दसऱ्याला सकाळी काका त्याला पुसायचे, वरवरच, कुंकू सगळं जाऊ नये म्हणून. मग दमटच्या दमट कव्हरात घालून कव्हर प्लॅस्टिकात बंद. पुढल्या खंडेनवमीपर्यंत. असं सालोसाल.

दिवाळीला दादांचा फोन आला की काका न चुकता सांगायचे, "दादा, कॅमेरा छान आहे हं."

"बरं," दादा म्हणायचे.

मी दादांना तेव्हा पाहिलंही नव्हतं, पण त्या "बरं"चा मला खाली बसून राग यायचा.

मग कळलं की दादा येणार. महिनाभर, पहिल्यांदाच. काका हवेत. त्यांनी बेत ठरवला: दादा सोफ्यावर बसले की कॅमेरा त्यांच्या हातात द्यायचा. रोल घातलेला, ओरखडा नसलेला. आणि म्हणायचं, "बघ." बस, एवढंच. म्हणजे ते वाक्य दादांना परत घ्यावं लागेल. तोंडानं नाही घेतलं तरी मनात घ्यावं लागेल. त्यासाठी काकांनी शहरात जाऊन रोल आणला, किल्ली काढली, आणि जन्मात पहिल्यांदा त्या लेन्सची टोपी काढली.

मग जी बोंब उठली ती पुकेकोहेच्या बटाट्याच्या शेतांपर्यंत गेली असणार. मी धावत वर गेलो.

"पांढरं! आत पांढरं!" काका कॅमेरा उजेडाला धरून उभे होते. "हे तुझ्या काकूनं केलंय! पाणी शिंपडायची काय गरज होती?"

"अहो, शिंपडत तुम्ही होतात. मंत्रही तुम्हीच म्हणत होतात. मी नुसती साखर ठेवली."

"साखर! ऐकलंस? साखर! बुरशीला नैवेद्य!"

"मग तीस वर्षं प्रसाद म्हणून ती खाल्ली कोणी?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या दुकानात होतो. गोऱ्यानं सरळ सांगितलं. साफ करता येईल. पण बुरशीनं काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर डाग कायमचा. उघडल्याशिवाय कळणार नाही. नाहीतर मग शेल्फावर ठेवा, शोभेला छान दिसेल. फक्त दुसऱ्या लेन्सांच्या शेजारी ठेवू नका, पसरते.

शोभेला! आणि वर पसरते! आमच्या घराला खरूज झालीय म्हणाला हा माणूस मला, असं काका गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत सांगत होते, आणि प्रत्येक सिग्नलला आवाज वाढत होता. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली.

पुढे जे दिवस गेले ते मी शत्रूला देणार नाही. सकाळी पोह्यांबरोबर काकांचं ठरायचं, दुरुस्त करायचा. दुपारी ताकाबरोबर मोडायचं. दुरुस्त केला तर परक्याचा हात लागला, मग तो जपलेला कसला? नाही केला तर दादा टोपी काढणार आणि ते वाक्य म्हणणार. त्या वाक्याला काका एवढे भ्यायले होते, एवढे भ्यायले होते, की ओरडण्याला मधे श्वाससुद्धा उरला नव्हता. मुलाचा फोन आला. "बाबा, सेम मॉडेल ऑनलाइन मिळतं. क्लीन लेन्स. दादाकाकांना कळणारसुद्धा नाही."

"त्याला कळणार नाही!" काका फोनमध्ये गरजले. "गाढवा, मला कळेल ना!"

मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, कॅमेरा शेवटी फोटो काढायला असतो."

"तू खोली खाली कर! उद्याच्या उद्या!"

"आज वर जेवायला ये," काकू म्हणाल्या, "मग उद्या खाली कर. अळूची भाजी आहे."

निकाल लावला तो काकूंनीच, त्याच अळूच्या भाजीवर. "माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं," त्या काकांना वाढता वाढता म्हणाल्या, "आतली काच काढून नवी बसवली. परक्या माणसानंच. मग डोळा माझा राहिला नाही का? का तेव्हापासून तुम्हाला दुसरंच कुणीतरी बघतंय?"

काका गप्प. घास हातात. मी तीन वर्षं त्या घरात राहिलो, त्यात ऐकलेली ही सगळ्यात लांब शांतता. खालून गाडी गेली तीसुद्धा दबकत गेल्यासारखी वाटली.

"गाडी काढ सकाळी," ते मला म्हणाले. आणि लगेच ओरडले, "पण त्यानं शोभेचं नाव काढलं तर मी परत आणीन!"

गोऱ्यानं तो उघडला, साफ केला. जाळं गेलं. कडेला नखाएवढी एक पांढरट कोर मात्र राहिली. तिथला लेप खाल्ला होता. "फोटो नीट येतील," तो म्हणाला, "उन्हाकडे तोंड केलंत तर थोडं धुकं येईल. एखादा रोल टाकून बघा की."

"पहिला फोटो दादा काढेल," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. गॅरेजात गेले, आणि आतून टर्रर्र असा आवाज आला. काकू चोर शिरला म्हणून लाटणं घेऊन धावल्या. त्या घरात प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. काकांनी ते हवा कोरडी करायचं यंत्र वर आणलं, बैठकीच्या खोलीत कॅमेऱ्याशेजारी ठेवून चालू केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या टाकीत बादलीभर पाणी. "बघ!" काका मला म्हणाले, आणि त्या पाण्यावर ओरडले. "एवढे दिवस लपून बसलं होतंस काय रे!"

दादा आले. मी डोळ्यांपुढे डोंगराएवढा माणूस उभा केला होता. आला तो एक सडपातळ, इस्त्रीचा, बारीक आवाजाचा म्हातारा, घरभर नजर फिरवणारा. विमानतळावरून मीच त्यांना आणलं. वाटेत काका एकटेच बोलत होते. घरी दादा सोफ्यावर बसले. चुरचुर. त्यांनी खाली पाहिलं. काकूंनी त्या दिवशी चांगला डिनर सेट काढला होता. काकांना न विचारता. चहा चांगल्या कपातून आला.

काकांनी कॅमेरा आणला. चामड्याला नवं तेल लावलेला, रोल घातलेला. दादांच्या हातात ठेवला. आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, "बघ."

दादांनी कप खाली ठेवला. टोपी काढली. खिडकीकडे वळून लेन्स तिरपी केली, आणि बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "हं."

त्या "हं"वर काका फुटले.

"बोल ना! बोल! म्हण की टिकत नाही याच्या हातात! म्हण! त्या हवेनं केलंय ते! या देशाला ऊन नाही, आहे ते उत्तरेला! हा खाली राहतो, भाताची वाफ सोडतो दिवसभर! ही साखर ठेवते! मी टोपी काढली नाही रे, दादा, तीस वर्षं एकदासुद्धा नाही! पोराचा फोटो काढला नाही, हिचा काढला नाही! दर वर्षी पाटावर बसवला! तू गळ्यात घातलास, जप म्हणालास, मी जपला! एका छत्रीपायी तू मला जन्मभर... एक छत्री, दादा! बसमध्ये! नऊ वर्षांचा होतो मी!"

आवाज फाटला. काकू दारात उभ्या होत्या, हात पदरात. यंत्र कोपऱ्यात गुरगुरत पाणी गोळा करत होतं. काका दादांच्या तोंडाकडे बघत होते, ते वाक्य येण्याची वाट बघत.

दादांनी टोपी परत बसवली. कॅमेरा टीपॉयवर ठेवला, बिस्कीट चहात बुडवलं, खाल्लं.

"बुरशी तेव्हाच होती," ते म्हणाले. "दोन ठिकाणी उघडून घेतला. जात नाही म्हणाले. म्हणून तर तुला दिला."